मुलाला एक वकील, आईला एक वकील: सुवर्ण विधानसौधात येणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. महिला व बालकल्याण मंत्री, राज्य विधी सेवा प्राधिकरणाचे पदाधिकारी,
आणि हिवाळी अधिवेशनासाठी बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येणारे सर्व आमदार.

स. न. वि. वि.

मी कर्नाटक-महाराष्ट्र सीमेलगतच्या, कर्नाटकातल्या एका तालुक्यात कोर्टाबाहेर टेबल टाकून बसतो. ३१ वर्षं झाली. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि कुरकुरणारा एक प्रिंटर. नुडी सॉफ्टवेअरवर कन्नड, श्रीलिपीवर मराठी, दोन्ही हातचे. लोक मला ‘रायटर’ म्हणतात. आजवर दुसऱ्यांचे अर्ज लिहिले, हा पहिलाच माझा स्वतःचा. त्यामुळे मजकूर थोडा लांबला तर सांभाळून घ्या. पानाप्रमाणे पैसे लावत नाही.

विषय मुलांचा आहे. ज्यांना पोलीस किंवा अधिकारी ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ म्हणून उचलतात आणि त्याला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर उभं करतात, अशा मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा. माझी मागणी साधी आहे. त्या मुलाला पहिल्याच दिवशी स्वतःचा वकील मिळावा, त्याच्या आईला वेगळा मिळावा, दोघांना त्यांची भाषा यावी, आणि त्यांना पुरेसे पैसे सरकारने द्यावेत.

मी हे का लिहितोय ते सांगतो. माझी भाची पलीकडे, कागल तालुक्यात दिली होती. नवरा ट्रॅक्टरवर होता, मग तो कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. दोन पोरं घेऊन ती इकडे, माहेरच्या बाजूला आली आणि विड्या वळायला लागली. या पट्ट्यात हातात पैसा नसलेल्या बाईला दुसरं काय असतं? कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसायचं, संध्याकाळी विड्या मोजून द्यायच्या. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ८. शाळा सुटली की मुलगी पत्र्याचं माप ठेवून पानं कातरायची. हे चूक होतं. भाचीही ते मानते. मीही त्या घरात कितीदा चहा प्यालो, पोरीच्या हातातली कात्री बघितली आणि काही बोललो नाही.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी पथक आलं. मुलीला जीपमध्ये घेतलं. धाकटा घरात एकटा कसा ठेवायचा म्हणून त्यालाही घेतलं. भाची तेव्हा कारखान्यात विड्या द्यायला गेली होती. २४ तासांच्या आत मुलांना समितीपुढे हजर करायचं असतं, ते त्यांनी केलं. त्याबद्दल तक्रार नाही. मुलगी मुलींच्या बालगृहात गेली, मुलगा मुलांच्या. शहराच्या दोन टोकांना. परत घरी आली ती १५८ दिवसांनी.

कोणती समिती, कोणती बालगृहं, कोणते वकील हे मी लिहिणार नाही. नावं घातली की चौकशी त्या माणसांची होते आणि रीत आहे तशीच राहते. मला त्या माणसांशी भांडायचं नाही. समितीतल्या एका बाईंनी तर भाचीला स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली होती.

आता गाऱ्हाणी सांगतो.

पहिलं त्या कागदाचं. त्याची झेरॉक्स माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी भाची धावतपळत समितीपुढे गेली, एकटी. मी त्या दिवशी गावात नव्हतो. तिला विचारलं, मुलांना सांभाळता येत नाही का? ती म्हणाली, “सध्या हातात काम कमी हाय साहेब, जमवून घ्यायलोय.” हे कुणीतरी कन्नडमध्ये उतरवलं आणि वाचून दाखवलं. कागदावर वाक्य आहे: ‘मक्कळन्नु साकलु अशक्तळागिद्देने.’ म्हणजे, मी मुलांना सांभाळायला असमर्थ आहे. भाचीला कन्नड बाजारापुरतं येतं. त्या सगळ्या वाक्यातून तिच्या कानाला ओळखीचा एकच शब्द लागला, अशक्त. तिला वाटलं, आपल्या तब्येतीचं विचारायलेत. ती म्हणाली, “व्हय, रगत कमी हाय म्हणाल्यात डॉक्टर.” आणि सही केली.

अध्यक्षमहाराज, हा शब्द मी रोज टाइप करतो. कन्नडमध्ये त्याचा अर्थ एक, आमच्यात दुसरा. ही गोष्ट त्या खोलीत कुणाच्या ध्यानात आली नाही, कारण ती ध्यानात आणून देणं हे तिथल्या कुणाचंच काम नव्हतं. आईच्या बाजूचा म्हणून एक जरी माणूस शेजारी बसला असता तर म्हणाला असता, थांबा, या बाई असं म्हणत नाहीत. अर्धा मिनिट लागला असता. पुढे पाच महिने त्या एका ओळीवर फाइल चालली. प्रत्येक तारखेला तेच वाचलं जायचं, आईने स्वतःच लिहून दिलंय.

दुसरं गाऱ्हाणं वकिलाचं. कायदा यात कमी पडत नाही, हे आधी कबूल करतो. १९७६ मध्ये घटनेत ३९ अ हे कलम आलं, मोफत विधी साहाय्य देणं ही राज्याची जबाबदारी झाली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री आणि कोणतंही मूल यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, कलम ३० मध्ये, मुलांना योग्य विधी सेवा मिळवून देणं हे समितीचंच काम म्हणून लिहिलंय. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये तत्त्वं आहेत: मुलाचं म्हणणं ऐकावं, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय समजावा, नैसर्गिक न्याय पाळावा. वाचताना बरं वाटतं.

प्रत्यक्षात मी अर्ज केला, आठवण दिली, पुन्हा दिली. वकील नेमल्याचं पत्र आलं तेव्हा दोन महिने उलटले होते. वकीलसाहेब भले होते. व्हरांड्यात उभ्या उभ्या सातेक मिनिटं बोलले. फाइल बघितलेली नव्हती. नंतर चहा पिताना मला मोकळेपणाने म्हणाले, रायटर, यात येण्या-जाण्याचं पेट्रोल सुटत नाही, बिल लावलं की कधी येईल ते सांगता येत नाही, तेवढ्या वेळात इकडे एक जामीन होतो. मी त्यांना काय बोलणार? माझंही पोट पानावरच आहे. जो माणूस स्वतःच्या खिशातून घालून काम करतो, तो किती दिवस करील आणि किती मनापासून करील?

गंमत अशी की सरकारला हे कळत नाही असं नाही. फौजदारी खटल्यातल्या गरीब आरोपींसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये ‘लीगल एड डिफेन्स काउन्सेल’ची पद्धत आणली. त्यात वकील पूर्णवेळ, पगारावर, दुसरी प्रॅक्टिस न करता काम करतात. तुकड्या-तुकड्याने फी देऊन चांगलं काम होत नाही, हे मान्य केल्याशिवाय कुणी असं करत नाही. मग जे आरोपीला कळलं ते आईला का नाही? चोरीच्या आरोपीला जामीन मिळाला नाही तर तो काही दिवस आत राहतो. इथे मूल आत राहतं, आणि त्याने काहीच केलेलं नसतं.

काही साहेब म्हणतील, जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी-नि-परिवीक्षा अधिकारी असतो की. असतो. पण तो त्याच व्यवस्थेचा नोकर. मूल ज्यांनी उचललं त्यांच्याच बाजूच्या माणसाला मुलाचा वकील म्हणता येत नाही. समितीला कायद्याने प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. अशा अधिकारापुढे एका बाजूला सगळं खातं आणि दुसऱ्या बाजूला पायातली चप्पल बाहेर काढून आत आलेली विडी कामगार बाई. (चप्पल काढा असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेच काढली.)

तिसरं गाऱ्हाणं फक्त आम्हा सीमेवरच्यांचं आहे, बेंगळुरूला बसून ते दिसणार नाही. भाचीच्या आधार कार्डावर पत्ता पलीकडचा, महाराष्ट्रातला. कायद्याप्रमाणे मुलाच्या घरची सामाजिक चौकशी १५ दिवसांत व्हायला हवी आणि एकूण चौकशी ४ महिन्यांत संपायला हवी. पण पत्ता दुसऱ्या राज्यातला म्हटल्यावर अहवाल तिकडच्या जिल्ह्याने द्यायचा. इकडून पत्र गेलं. तिकडून विचारणा आली की मुलं राहतात कुठे? खरं म्हणजे राहतात इकडेच, भाड्याच्या खोलीत, माझ्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. ते घर बघायला यायला कुणालाही वीस मिनिटं लागली असती. पण कागद दोन राज्यांच्या मध्ये फिरत राहिला आणि तारखेला ‘अहवाल अप्राप्त’ एवढंच लिहिलं जात राहिलं. वकील असता तर त्याने पहिल्या आठवड्यात खोलीची भाडेपावती, शाळेचा हजेरीचा दाखला आणि शेजारणीचं प्रतिज्ञापत्र लावून हा घोळ मिटवला असता. शेवटी ते मीच टाइप केलं. पण मी रायटर आहे, मला उभं राहून बोलायचा अधिकार नाही.

त्याच आधार कार्डाने तिला आणखी एक चिमटा काढला. २०२३ पासून आपल्या सरकारी बसमध्ये बायकांना शून्य तिकीट आहे. चांगली योजना आहे, माझी बायको आणि सून तिच्यावरच बाजारहाट करतात. पण ती कर्नाटकच्या रहिवासी बायकांना. भाचीला दर खेपेला पूर्ण तिकीट. मुलांना भेटायला शहराच्या दोन टोकांना जायचं, म्हणजे पूर्ण दिवस गेला, म्हणजे त्या दिवसाच्या विड्या गेल्या. अशा चौदा खेपा झाल्या. चौदापैकी चार वेळा मुलाकडे पोचेपर्यंत भेटीची वेळ संपलेली होती.

चौथं थोडक्यात सांगतो. समितीच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. आम्हाला ते ४१ व्या दिवशी कळलं. तेही दुसऱ्या एका वकिलांचा कागद टाइप करताना.

पाचवं पैशाचं, आणि यात माझा जीव सगळ्यात जास्त जळतो. मुलगी पानं का कातरत होती? आई आळशी होती म्हणून नाही. हजार विड्यांचा हिशेब एका हाताने पुरा होत नव्हता म्हणून. बाल न्याय कायद्यातच मुलांना घरीच ठेवून मदत देण्याची, प्रायोजकत्वाची तरतूद आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत दर मुलामागे महिना ४,००० रुपये ठरलेले आहेत, खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के. भाचीला ते मिळालंच असतं असं मी म्हणत नाही. त्याला अटी आहेत, उत्पन्नाची मर्यादा आहे. पण पाच महिन्यांत तसा अर्ज करता येतो हेही तिला कुणी सांगितलं नाही. दोन पोरांना दोन बालगृहांत ठेवून जेवू घालायला सरकारकडे पैसे होते. त्यांच्या आईशेजारी अर्धा तास बसून ‘बाई, असाही एक रस्ता आहे’ म्हणणाऱ्या माणसाला द्यायला मात्र नव्हते.

आता माझ्या विरुद्ध बाजूचंही मीच बोलतो, कारण उद्या कुणीतरी म्हणेल की रायटर सगळ्याच आईबापांची वकिली करायला लागला. तसं नाही. मूल घरातच सुरक्षित नसतं अशी प्रकरणं माझ्या टेबलावरून गेली आहेत. आपल्या याच जिल्ह्यात सौंदत्तीचा, यल्लम्मादेवीचा डोंगर आहे. देवदासी सोडण्याला बंदी घालणारा कायदा राज्याने १९८२ सालीच केला, तरी तसलं काही घडलं तर मुलीच्या समोर उभे असणारे तिचे घरचेच असतात. म्हणून तर मी दोन वकील म्हणतोय. आईचा वकील आईचं मांडील. मुलीचा वकील मुलीचं मांडील, मग ते आईच्या विरुद्ध असलं तरी. दोघांचं मिळून एकाच वकिलावर सोपवलं की तो शेवटी कुणाचाच राहत नाही.

माझ्या भाचीच्या मुलीला त्या पाच महिन्यांत कितीतरी लोकांनी प्रश्न विचारले. त्यातल्या कुणालाच ती म्हणू शकली नाही की तुम्ही माझे. मी तिला नंतर विचारलं, तू काय सांगितलंस? म्हणाली, “मामा-आजा, मी म्हटलं भावाला माझ्याजवळ ठेवा. ते म्हणाले, बघू.”

हे सगळं परदेशातलं खूळ आहे असंही कुणी म्हणेल. परदेशातही हे आपोआप आलेलं नाही. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये सांगितलं होतं की मुलावरचा हक्क जायची वेळ आली तरी प्रत्येक गरीब आईला सरकारी वकील मिळेलच असं नाही, प्रकरण बघून ठरवा. तिथेही राज्याराज्यात फरक राहिला. पण २०१९ पासून तिथल्या केंद्र सरकारने अशा प्रकरणांत मुलांच्या आणि आईबापांच्या वकिलांचा काही खर्च उचलायला सुरुवात केली. न्यूयॉर्क शहरात तर आईबापांना नुसता वकील मिळत नाही. त्याच्याबरोबर समाजसेवक असतो आणि यातून स्वतः गेलेला एखादा पालकही असतो. अशा पथकांच्या कामाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्या वकिलापेक्षा पथक असलेल्या प्रकरणांत मुलं घराबाहेर राहण्याचा काळ सरासरी सुमारे चार महिन्यांनी कमी झाला, आणि मुलांच्या सुरक्षिततेत काही कमी पडलं नाही. चार महिने. आमचे पाच गेले.

तेव्हा मागण्या अशा.

मूल समितीपुढे येईल त्याच दिवशी त्याच्यासाठी एक आणि आईबापांसाठी एक वकील हजर असावा, मागायची वाट न बघता. आरोपींसाठी केली तशी पूर्णवेळ पगारी वकिलांची नेमणूक बेळगाव, विजयपूर, बिदर, कलबुर्गी, उत्तर कन्नड (कारवार) या सीमेवरच्या जिल्ह्यांत आधी करा. ते लगेच जमत नसेल तर पॅनेलवरच्या वकिलांना बाल कल्याणाच्या कामासाठी वेगळी, पोटाला पुरेल अशी फी द्या, तालुक्याहून येण्या-जाण्याचा खर्च द्या, आणि बिल एका महिन्यात चुकतं करा. वकिलाबरोबर घरी जाऊन बघणारा एक समाजसेवक द्या. हे काम करणाऱ्या वकिलांना बाल न्याय कायद्याचं प्रशिक्षण द्या. नुसतं प्रमाणपत्र नको, एखादा दिवस बालगृहात बसवा.

भाषेचं: ज्याला कन्नड नीट येत नाही त्याचा जबाब त्याच्या भाषेत लिहा, मग भाषांतर करा, आणि दोन्ही कागदांवर सही घ्या. पोक्सो कायद्यात, कलम ३८ मध्ये, मुलासाठी दुभाषी द्यायची सोय आहेच, तीच इथे आईलाही लागू करा. घटनेचं कलम ३५० तर सांगतं की गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्याकडे, राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. कृपा करून याला सीमाप्रश्न करू नका. तो खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथे चालू दे. जतला किंवा अक्कलकोटला एखाद्या कन्नड बाईची मुलं उचलली आणि तिचा जबाब मराठीत घेतला, तर मी हेच पत्र मुंबईला लिहीन.

आणि सीमेचं: बेळगाव आणि कोल्हापूरच्या बाल संरक्षण कक्षांनी थेट एकमेकांशी बोलावं. मूल जिथे राहतं तिथल्या घराची चौकशी तिथल्याच माणसाने करावी, आधारवरचा पत्ता काहीही असो. आदेशाची प्रत देतानाच अपिलाची मुदत आणि १५१०० हा विधी सेवेचा फोन नंबर त्यावर मोठ्या अक्षरात, त्या बाईला वाचता येईल त्या भाषेत छापा.

याला पैसे लागतील. सुवर्ण विधानसौधात दहा-बारा दिवसांचं अधिवेशन भरवायलाही लागतात, ते आम्ही दर डिसेंबरला बघतो. रस्ते धुतात, डिव्हायडर रंगवतात. त्याबद्दल काही म्हणायचं नाही. येताय तर एका दिवसाच्या कामकाजात हा विषय घ्या, एवढंच.

आमची पोरं एप्रिलमध्ये परत आली, आमच्याच तालुक्यातल्या एका वकीलबाईंनी फी न घेता केलेल्या अडीच पानी अर्जावर. अर्जात नवं काहीच नव्हतं. सगळे कागद पहिल्या दिवसापासून होते. मुलीचं मराठी शाळेतलं वर्ष गेलं. तिकडे ती कन्नड शाळेत बसत होती, आता वहीवर नाव दोन्ही लिप्यांत लिहिते, आणि माझ्यापेक्षा सुरेख. कात्री भाचीने मला आणून दिली. ती माझ्या टेबलावर कागद कापायला आहे.

कळावे,
आपला,
कोर्टाबाहेरचा एक रायटर

ता. क. हेच पत्र मी कन्नडमध्येही टाइप करून आपल्या कार्यालयांना पोस्टाने पाठवलं आहे. त्यात ‘अशक्त’ हा शब्द एकदाच आहे, अवतरणात. शेजारी कंसात त्याचे दोन्ही अर्थ दिले आहेत.